ठाण्यावर स्नानगृह नव्हतं

मी टाइपरायटर. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोललो. ज्याची बोटं माझ्यावर पडतील त्याचे शब्द माझे. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगायला बसलोय, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई बसत. प्रत्येक यंत्रावर एक ओळ टाइप करून बघायची आणि पुढे सरकवायचं, हे त्यांचं काम. माझ्या वेळी त्यांना नेमकी शिंक आली आणि एक अक्षर जादा पडलं. "यात याची काय चूक," असं म्हणून त्यांनी मला पास केलं. भुसा भरलेल्या लाकडी पेटीतून मी निघालो तो थेट डोंगरावरच्या एका लष्करी ठाण्यावर पोचलो.

ठाणं म्हणजे पत्र्याच्या पाच-सहा खोल्या, एक मैदान, सामानाचं कोठार आणि वर्षातले सात महिने हाडं गोठवणारी थंडी. कचेरीत एक शेगडी, दोन टेबलं आणि मैदानाकडे उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीशी मला ठेवलं आणि माझा ताबा एका कारकुनाकडे दिला. त्याला सगळे बाबू म्हणत. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. हातात बंदूक त्याला कधी शोभली नाही, पण माझ्यावर बोटं ठेवली की तो राजा. रोज सकाळी जुन्या बनियनच्या तुकड्यानं मला पुसायचा, कळांच्या फटींत फुंकर घालायचा, आणि थंडीनं माझ्या अक्षरांच्या काड्या अडकल्या तर शेगडीजवळ नेऊन शेकायचा. घरच्या माणसाची करतात तशी काळजी.

रजेचे अर्ज, शिध्याच्या याद्या, बदलीचे हुकूम, सगळं माझ्यातून जाई. नोकरी संपवून घरी निघालेल्या जवानालाही एक शेवटचा अर्ज भरावा लागे. त्यात एक रकाना होता, 'शारीरिक तक्रार'. ज्याची काही तक्रार असेल त्याला तपासणीसाठी आणखी तीन आठवडे थांबवून घेत. खाली ट्रक उभा, सामान बांधलेलं, घरी बायको-पोरं वाट बघतायत. कोण थांबणार? बाबू विचारायचा, "काही दुखतंय-खुपतंय?" आणि जवान गुडघा चोळत चोळत म्हणायचा, "छे छे, ठणठणीत आहे. टाइप कर नि मला मोकळं कर." मी टाइप करायचो, 'नाही'. शेकडो वेळा केलं असेल. त्या शब्दाचं वजन तेव्हा मला कळत नव्हतं.

त्या ठाण्यावर शिडी नावाचा एक जवान होता. नाव अर्थात सोबत्यांनी ठेवलेलं. एवढा उंच की कचेरीत शिरताना हटकून चौकटीला डोकं आपटायचा आणि चौकटीलाच दटावायचा, "सरक की जरा!" कोठारातलं जड सामान चढवणं-उतरवणं त्याच्याकडे होतं. लग्न नुकतंच झालेलं. त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नसे, म्हणून बायकोची पत्रं तो बाबूकडून टाइप करून घ्यायचा. 'प्रिय'च्या पुढे काय लिहायचं हे सांगताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि शेवटी न चुकता 'आपला विश्वासू' घालायला लावायचा.

"अरे, हे पत्र बायकोला चाललंय की कोठारप्रमुखाला?" बाबू विचारायचा.

"असू दे. विश्वासू आहेच मी," शिडी म्हणायचा.

त्या वर्षी थंडी संपता संपता वरिष्ठांची तपासणी ठरली. चार दिवस उरले होते. डिझेलवर चालणारा मोठा जनरेटर कोठारातून मैदानापलीकडे हलवायचा होता, कोठारालगतच्या चढावर टाकलेल्या फळ्यांवरून, दोरानं ओढत. दोर जुना, कुजलेला. नव्या दोराची मागणी मीच दोनदा टाइप केली होती. उत्तर आलं नव्हतं. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. सहा जण वरून दोर ओढतायत आणि शिडी खालच्या बाजूनं पाठ लावून जनरेटर तोलून धरतोय. दोर तुटला. आवाज मोठा नव्हता. जनरेटर घसरला आणि शिडीला कोठाराच्या भिंतीशी दाबून थांबला. तो ओरडलासुद्धा नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाबू धावत गेला. परतला तेव्हा त्याच्या सदऱ्याला वंगण लागलं होतं. आल्या आल्या त्यानं कागद चढवला, दोन कार्बन लावले आणि घडलं तसं टाइप केलं: कामावर असताना, जनरेटर हलवताना दोर तुटून कंबरेस व पाठीस गंभीर दुखापत.

ठाण्याचे प्रमुख असलेल्या मेजरसाहेबांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला. माणूस वाईट नव्हता हो. नुकतेच ते शिडीच्या उशाशी बसून आले होते. त्यांनी कागदाची घडी केली, कार्बनच्या प्रती मागून घेतल्या आणि सगळं शेगडीत टाकलं.

"बाबू, अपघात म्हटला की चौकशी लागेल. कुजका दोर का वापरला म्हणून विचारतील. आणि त्यातून पोराला काय मिळेल? कामाला नालायक ठरवून घरी पाठवतील. आत्ता कुठे लग्न झालंय त्याचं. मी त्याला इथेच हलकं काम देतो. शब्द देतो तुला."

"मग काय लिहू, साहेब?"

"लिही, स्नानगृहात पाय घसरून पडला. दुखापत किरकोळ. कामाशी संबंध नाही."

बाबूची बोटं माझ्यावर नुसतीच टेकून राहिली. मला वाटलं, आता हा उठेल. उठला नाही. त्यानं टाइप केलं आणि मी प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे उमटवलं. मग तो कागद घेऊन दवाखान्यात गेला. शिडीला ताप होता, झोपेची सुई दिलेली होती. काय लिहिलंय ते त्यानं विचारलं नाही आणि बाबूनं वाचून दाखवलं नाही. आणलेल्या कागदावरची सही ओळीच्या खाली घसरत गेलेली होती.

मेजरसाहेबांनी शब्द पाळला. दोन महिन्यांनी शिडी काठी टेकत चालू लागला आणि त्याला कोठाराच्या नोंदी ठेवायचं बैठं काम मिळालं. चार वर्षांनी त्याची नोकरी संपली तेव्हा तोही ट्रकच्याच घाईत होता. 'शारीरिक तक्रार: नाही.' जाताना त्याचं डोकं चौकटीला लागलं नाही. पाठ तेवढी वाकली होती.

पुढे संगणक आले आणि आमच्यासारख्या जुन्या यंत्रांचा लिलाव झाला. बाबूही त्याच सुमारास निवृत्त होत होता. त्यानं मलाच उचललं. शहरात माजी सैनिकांच्या दाव्यांची एक मोठी कचेरी आहे. तिच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली टेबल मांडायचा परवाना त्याला मिळाला, आणि तो अर्ज-अपिलं टाइप करून देऊ लागला. माणसं रांगेनं यायची, आपापली पिशवी छातीशी धरून.

तिथे बसल्यावर मला एकेक गोष्ट उमजू लागली. अकरा वर्षं तोफेशेजारी उभा राहिलेला एक जण ठार बहिरा झाला होता. त्याचा दावा अमान्य, कारण नोकरीत असताना त्यानं कानाची तक्रार केल्याची नोंद नाही. "कशी करणार?" तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. "केली असती तर तोफेवरून हटवला असता! तोफेवरच्यांना दूध जादा मिळायचं!" दुसऱ्यानं खांदा निखळलेला असताना सोबत्याकडच्या गोळ्या खाऊन सहा वर्षं काढली. दवाखान्यात गेलं की कामचुकार म्हणतात, ही भीती. त्याच्या पत्रात होतं, 'उपचारांत सातत्य नाही'. एकाच्या छावणीतल्या दवाखान्याची वही ओल लागून कुजली, म्हणून त्याला गोळी लागलीच नव्हती असं ठरलं. एक माणूस काहीच बोलायचा नाही. त्याची बायकोच सांगायची, "यांना नका विचारू, मला विचारा. हे झोपेत ओरडत उठतात ते मी ऐकते." त्यांना उत्तर आलं, हा मूळचाच स्वभावदोष आहे. कित्येकांना तर पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि मुदत उलटून गेली, एवढंच कारण पुरलं.

आणि बहुतेकांच्या फायलीत तो घरी जातानाचा अर्ज असायचा. काहींवरचं 'नाही' माझं होतं. आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतंच.

बाबू मात्र जीव ओतून काम करायचा. कुठला नियम कुठे लागू पडतो ते त्याला तोंडपाठ होतं. दहांत एखादा दावा मंजूर व्हायचा. त्या दिवशी तो दोनदा चहा प्यायचा.

एका सकाळी रांगेतून एक बाई पुढे आली. तिच्या खांद्याला धरून एक माणूस, कमरेत पार वाकलेला. वाकूनसुद्धा तो तिच्याएवढा उंच होता. बाबू मान खाली घालून कार्बन लावत होता.

"काय रे, हाच तो खटारा ना?"

बाबूनं वर पाहिलं आणि त्याची खुर्ची मागे सरली. "शिडी!"

"कसली शिडी? आता स्टूल म्हण."

दोघं हसले. शिडीची बायको हसली नाही. तिनं पिशवीतून कागद काढले. शिडीचे पाय दोन वर्षांपासून बधिर होत चालले होते. उभं राहवेना म्हणून पहारेकऱ्याची नोकरी सुटली होती. लघवीवरही ताबा राहिला नव्हता. ते त्याला रांगेत सांगवेना, म्हणून तिनं बाबूच्या कानाशी वाकून सांगितलं. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी दावा केला होता, तो अमान्य झाला. तिनं पत्र पुढे केलं.

"यात काहीतरी घोळ आहे बघ," शिडी म्हणाला. "म्हणतात, मी स्नानगृहात पडलो. तूच सांग, आपल्या ठाण्यावर स्नानगृह होतं का रे? पत्र्याआड बादली घेऊन उभे राहायचो आपण! वारा सुटला की सगळं ठाणं बघायचं!"

बाबूनं ते पत्र फार वेळ वाचलं. तीनच ओळींचं होतं.

"दुसऱ्या कुणाचा कागद तुझ्या फायलीत गेला असेल," तो म्हणाला.

मी तिथेच होतो. खोटं मी पूर्वीही उमटवलं होतं, पण बाबूच्या तोंडून ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. शिडीची बायको मात्र बाबूच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

बाबूनं अपील टाइप केलं. इतकं नेटकं त्यानं कधी केलं नव्हतं; चार पानं आणि एकही खाडाखोड नाही. मग मेजरसाहेबांचा पत्ता शोधून त्यांनाही लिहिलं. त्यांच्या मुलाचं उत्तर आलं, वडील वारले, त्यांनी कागदपत्रं काही मागे ठेवलेली नाहीत. सात महिन्यांनी अपिलाचा निकाल आला. नोंदीत बदल करण्यास आधार नाही. मणक्यातील बदल वयोमानानुसार. अपील अमान्य.

निकालाचं पत्र घेऊन शिडीची बायको एकटीच आली. त्याला आता बसमध्ये चढता येत नव्हतं.

"भाऊजी, एक विचारू? यांची मला येणारी पत्रं तुम्हीच टाइप करायचात ना?"

"हो, वहिनी."

"ठाण्यावर टाइप करणारं दुसरं कुणी होतं?"

"नव्हतं."

"मग हा स्नानगृहाचा कागद कुणी टाइप केला?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत बाबू थांबला, जणू त्याच्या आवाजामुळेच बोलता येत नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

ती स्टुलावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. पदराला हात पुसले, पिशवीचे बंद नीट केले आणि म्हणाली, "घरी येऊन त्यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

त्या दिवशी घरी बाबूच्या मुलीनं त्याला परोपरीनं समजावलं. "बाबा, मी खोटा कागद केला असं लिहून दिलंत तर तुमच्यावरच उलटेल."

"उलटू दे," म्हणत त्यानं मला पिशवीत घातलं.

शिडीचं घर म्हणजे एक खोली. खिडकीशी खाट, उठून बसता यावं म्हणून खाटेच्या पायथ्याशी एक जाड पट्टा बांधलेला. मला त्याच्या पायांपाशीच ठेवलं. बाबूनं सगळं सांगितलं, जळालेल्या पहिल्या कागदापासून.

शिडी छताकडे बघत होता. "मला वाचून का नाही दाखवलंस?"

"तुला ताप होता."

"तापातसुद्धा मी नाही म्हटलं असतं." मग थोड्या वेळानं तोच म्हणाला, "नाही रे. कशाला खोटं बोलू? हलकं काम मिळतंय म्हटल्यावर केलीच असती सही."

"पण विचारायचं तरी होतं," त्याची बायको चुलीकडे तोंड करून म्हणाली.

शेवटी शिडीनं पट्टा धरून स्वतःला उठवलं. "आता काय झालं होतं ते टाइप कर."

त्या खोलीत मी ते पुन्हा टाइप केलं: दोर, फळ्या, जनरेटर, भिंत. शेवटी बाबूनं लिहिलं, मूळ अहवाल खोटा असून तो मी स्वतः टाइप केला आहे. खाली त्याची सही.

ते जोडून केलेल्या शेवटच्या अपिलाची सुनावणी तिघांच्या मंडळापुढे झाली. मी बाहेर छपराखालीच होतो. आत काय झालं ते बाबूनं संध्याकाळी मुलीला सांगितलं, तेव्हा मला कळलं. शेजाऱ्यांनी शिडीला खुर्चीसकट उचलून जिन्यानं वर नेलं होतं. त्याची पाठ कुणी पाहिली नाही. त्याला एकच प्रश्न विचारला, "ही सही तुमचीच ना?" तो "हो" म्हणाला. मंडळातल्या डॉक्टरांनी विचारलं, नोकरी सोडताना तक्रार का केली नाही. शिडीनं ट्रकचं सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

मग बाबूची पाळी.

"तुम्ही म्हणता, तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो, साहेब."

"मग आता खरं लिहिताय कशावरून? तुम्ही तर बाहेर बसून यांचीच अपिलं टाइप करता."

"साहेब, ठाण्यावर स्नानगृहच नव्हतं."

नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं फाइल चाळली. "स्नानगृह नव्हतं, असा काही कागद आहे?"

"नसलेल्या गोष्टीचा कागद कसा असेल, साहेब?"

"आमच्याकडे असल्याचा आहे," तो म्हणाला आणि त्यानं बाबूसमोर कागद सरकवला. तो मी टाइप केलेला होता.

महिन्याच्या आत आदेश आला. स्मरणावर आधारलेलं उशिराचं निवेदन त्या वेळच्या लेखी नोंदीपुढे टिकत नाही. दावा अंतिमतः अमान्य. यापुढे अपील नाही. त्याच टपालानं बाबूला दुसरं पत्र आलं. खोटा सरकारी कागद तयार केल्याची कबुली दिल्यामुळे त्याचा टेबलाचा परवाना रद्द झाला होता. शिडीच्या कामापुरतं बाबूचं म्हणणं खोटं ठरलं आणि परवान्यापुरतं खरं. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची होती.

बाबूनं मला घरी आणून कपाटाच्या वर ठेवलं.

सहा महिन्यांपूर्वी वहिनी घरी आल्या. उजव्या मनगटाला पट्टी होती; शिडीला उचलताना मुरगळलं होतं. एवढा उंच माणूस, एकटीनं किती दिवस उचलायचा? अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकांसाठी गावाबाहेर एक संस्था आहे, तिथे त्याला ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. अर्ज एकदा केला होता, पण अपंगत्वाचं कारण नोकरीच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून परत आला होता. त्यांनी जनरेटर लिहिला होता.

बाबूनं मला खाली काढलं, धूळ झटकली, कागद चढवला. कारणाच्या रकान्याशी येऊन थांबला.

"लिहा भाऊजी, स्नानगृहात पाय घसरून पडले."

"वहिनी, हे आता माझ्यानं—"

"होईल तुमच्यानं. आधी झालंच होतं."

बाबूनं टाइप केलं. आठ दिवसांत अर्ज मंजूर झाला.

शिडी आता तिथे असतो, भिंतीकडच्या खाटेवर. वहिनी रविवारी दोन बस बदलून जातात. बाबू बुधवारी जातो. कागदपत्रांचा विषय निघत नाही. बाहेर काय चाललंय, कुठला रस्ता खणलाय, बाजारात गर्दी होती का, असलं शिडी विचारतो आणि बाबू सांगतो. मागच्या बुधवारी शिडीनं काहीच विचारलं नाही. बाबू तासभर नुसता बसून आला, असं मुलीला म्हणाला.

माझी फीत वाळून गेली आहे. रूळ कडक झालाय, तीन कळा दाबल्या की वर येत नाहीत. बाबू आता मला पुसत नाही. बघतसुद्धा नाही फारसा. मुलीनं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय आणि तो मंगळवारी येणार आहे. बाबूनं त्याला नको म्हटलं नाही. मीही म्हटलं नसतं.

जाता जाता विनंती करायची असते. कुणाला करू? टेबलामागे बसणाऱ्यांना? दुपारपर्यंत त्यांच्यापुढे किती कागद साठतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय; माझं कुणी ऐकेल अशी आशा नाही. तरी सांगतो. ओळी सरळ आहेत, समास सोडलेला आहे, एकही खाडाखोड नाही, म्हणून कागद खरा मानू नका. ते माझं कसब होतं, त्याचा खऱ्याखोट्याशी संबंध नव्हता. माणूस समोर खुर्चीत आणून बसवलेला असेल तर एकदा उठून त्याच्या पाठीवर हात फिरवून बघा.

निघताना 'येतो' म्हणावं, असं आपली भाषा सांगते. पण मी काही परत यायचा नाही. जातो.